मासा आजारी पडतो तेव्हा

(घरामागच्या हौदात किंवा शेततळ्यात पाळलेले मासे आजारी का पडतात, त्यांचा आजार कसा ओळखावा, त्यावर कोणते उपचार करावेत आणि मुळात आजार होऊच नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालो, की वाटेत मोताळा लागते. हे तालुक्याचे गाव आहे. जवळच नळगंगा नदीवर मातीचे धरण बांधलेले आहे. नळगंगा पुढे मलकापूरवरून वाहत जाते आणि पूर्णा नदीला मिळते. हा भाग कापूस, मका आणि सोयाबीन पिकवणारा. पाऊस चार महिने पडतो आणि उन्हाळा कडक असतो. म्हणून इथे पाण्याला फार किंमत आहे.

पाणी साठवण्यासाठी शेतकरी शेततळी खोदतात. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली. त्यानंतर राज्यात शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली. अशा तळ्यात पाणी तर साठतेच, पण त्यात मासेही वाढवता येतात. काही घरांच्या परसात सिमेंटचा हौद असतो. त्यातही हौसेने मासे सोडतात. कुणी रोहू, कटला आणि मृगळ पाळतो, तर कुणी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे ठेवतो.

मासे सोडणे सोपे असते. त्यांना जगवणे मात्र तितके सोपे नसते. रोहू किंवा कटला खाण्याजोगा मोठा व्हायला आठ-दहा महिने लागतात. तेवढे दिवस घरातील माणसे ढेप आणि कोंडा विकत आणून माशांना घालतात. बाजारात मासे विकले, की चार पैसे मिळतील, अशी त्यांना आशा असते. आणि एके दिवशी सकाळी पाण्यावर मासे उलटे तरंगताना दिसतात! वर्षभराचा खर्च आणि कष्ट पाण्यात जातात. मग कुणीतरी घाईघाईने दुकानातून एखादी बाटली आणतो आणि हौदात ओततो. उरलेले मासेही मरतात. असे का होते?

याचे उत्तर समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्या. गाय किंवा शेळी हवेत श्वास घेते, गोठ्यात राहते आणि तिचे शेण आपण रोज बाहेर टाकतो. माशाचे तसे नाही. तो ज्या पाण्यात राहतो, त्याच पाण्यातून श्वास घेतो आणि त्याच पाण्यात घाण टाकतो. माशाच्या शरीरातील अमोनिया नावाचा विषारी पदार्थ कल्ल्यांवाटे पाण्यातच उतरतो. न खाल्लेले अन्नही पाण्यात कुजते आणि अमोनिया वाढवते. म्हणून मासा आजारी पडला, तर आधी पाण्याकडे पाहावे. बहुतेक वेळा पाणी आधी बिघडते आणि मासा नंतर आजारी पडतो.

पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. मासे तोच कल्ल्यांनी घेतात. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅमच मावतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हौदाचे पाणी किती तापते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हिरवे शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते, पण रात्री ते स्वतःच तो वापरते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि ऊन वर आल्यावर खाली गेले, तर तो रोग नव्हे. त्यांचा जीव गुदमरत आहे, असे समजावे.

अशा वेळी औषध टाकू नका. माशांना खाद्य देणे थांबवा. पंपाने किंवा बादलीने हौदातील पाणी उंचावरून पुन्हा हौदात पाडा, म्हणजे हवा पाण्यात मिसळेल. थोडे जुने पाणी काढून ताजे पाणी घाला. मात्र विंधन विहिरीच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. म्हणून ते नळीने सरळ तळाशी न सोडता उंचावरून फवाऱ्यासारखे पडू द्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते कल्ल्यांना जाळते. ते पाणी एक दिवस उघड्या टाकीत ठेवून मगच वापरा.

आता दुसरा प्रश्न येतो. मासे मेले ते रोगाने, की विषाने? याची एक साधी खूण आहे. रोगाने मासे हळूहळू मरतात. आज दोन, उद्या तीन, असे. लहानमोठे सगळे मासे एकाच रात्री किंवा काही तासांत मेले, तर प्राणवायू संपला असेल किंवा पाण्यात विष गेले असेल. आपला भाग कपाशीचा आहे. कपाशीवर कीटकनाशके फवारतात. फवारणीचा पंप तळ्यावर धुतला किंवा पावसाच्या पाण्याबरोबर औषध तळ्यात उतरले, तर मासे वाचत नाहीत. एंडोसल्फान हे कीटकनाशक माशांना अत्यंत घातक होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बंदी घातली. पण आज वापरात असलेले सायपरमेथ्रिनही अगदी थोड्या प्रमाणात माशांचा जीव घेते. म्हणून पंप, बादल्या आणि औषधांचे रिकामे डबे तळ्याजवळ कधीही धुऊ नयेत. विषाने मेलेले मासे कुणी खाऊ नयेत आणि कुत्र्या-मांजरांनाही घालू नयेत.

पाणी ठीक असूनही मासे सुस्त दिसत असतील, खाद्य खात नसतील किंवा हौदाच्या भिंतीला अंग घासत असतील, तर एखादा मासा हलक्या हाताने जाळीत धरा आणि नीट पाहा. अंगावर चपटा, गोल, मसुराच्या डाळीएवढा किडा चिकटलेला दिसला, तर ती माशाची ऊ होय. तिला आर्गुलस म्हणतात. दोऱ्यासारखा किडा मांसात डोके रुतवून लोंबत असेल, तर तो लर्निया. हे किडे रक्त पितात आणि जखम करतात. त्या जखमेतून इतर रोग शिरतात. आर्गुलस आपली अंडी दगडावर, लाकडावर किंवा भिंतीवर घालते. म्हणून मत्स्यपालक एक युक्ती करतात. ते तळ्यात बांबूचे तुकडे किंवा कौले ठेवतात आणि दर आठवड्याला ती बाहेर काढून कडक उन्हात वाळवतात. अंडी उन्हात मरतात. या उपायाला औषध लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके अंगभर दिसले, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असतो. हा रोग एका सूक्ष्म जीवामुळे होतो. तो जीव माशाच्या कातडीखाली वाढतो, मग तळाशी पडतो आणि तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात. ही पिल्ले पोहत जाऊन नवा मासा शोधतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारते. कातडीखालच्या जीवापर्यंत ते पोहोचतच नाही. म्हणून एकदा उपचार करून भागत नाही. ठिपके नाहीसे झाल्यावरही काही दिवस उपचार चालू ठेवावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक मध्येच उपचार सोडतात आणि औषधाला नावे ठेवतात.

कापसासारखे पांढरे धागे जखमेवर दिसले, तर ती बुरशी असते. शेपटी आणि पर कडेने झिजत असतील, तर तो जिवाणूंचा रोग असतो. पोट फुगून खवले उभे राहिले, तर आजार शरीराच्या आत पोहोचला, असे समजावे. असा मासा सहसा वाचत नाही. त्याला लगेच वेगळे करणे हाच इतर माशांवरचा उपकार.

एका रोगाची हकिकत मात्र सविस्तर सांगायला हवी. त्यात माशाच्या अंगावर आधी लाल डाग पडतात आणि मग खोल, मोठ्या जखमा होतात. हा रोग १९७१ साली जपानमध्ये आणि १९७२ साली ऑस्ट्रेलियात आढळला. पुढे आग्नेय आशियातून तो बांगलादेशात आला. १९८८ साली तो त्रिपुरा, मेघालय, आसाम आणि पश्चिम बंगाल या राज्यांत पोहोचला आणि नंतर देशाच्या बऱ्याच भागांत पसरला. मरळ आणि मृगळ यांसारख्या माशांना तो फार सतावतो. थंडीच्या दिवसांत, पावसाळ्यानंतर पाणी गार झाले, की तो डोके वर काढतो.

या रोगाने माशांएवढेच कोळ्यांचेही नुकसान केले. जखमांनी भरलेले मासे पाहून लोक घाबरले. माणसालाही हा रोग होईल, या भीतीने त्यांनी मासे खाणेच बंद केले. निरोगी मासेही कुणी विकत घेईना. रोज मासे विकून पोट भरणाऱ्या गरीब कुटुंबांची चूल थंडावली. वास्तविक हा रोग माणसाला होत नाही. माहितीच्या अभावी किती माणसांचे नुकसान होते, हे यावरून दिसते.

शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव या रोगाचे मूळ आहे, असे आढळले. धडधाकट कातडीत तो सहज शिरत नाही. पाणी बिघडले किंवा कातडीला इजा झाली, की त्याला वाट मिळते. भुवनेश्वर येथील 'सिफा' या केंद्रीय संस्थेने या रोगावर 'सिफॅक्स' नावाचे औषध तयार केले. त्याचे प्रमाण एक हेक्टर क्षेत्राच्या, एक मीटर खोल पाण्याला एक लिटर एवढे आहे.

इथे गणिताचा उपयोग होतो. समजा, तुमचा हौद ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असून त्यात १ मीटर पाणी आहे. ४ × ३ × १ म्हणजे १२ घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर पाणी मावते. म्हणजे हौदात १२,००० लिटर पाणी झाले. एक हेक्टर क्षेत्रातील एक मीटर खोल पाणी म्हणजे १०,००० घनमीटर. त्याला एक लिटर औषध लागते, तर १२ घनमीटरला किती? फक्त १.२ मिलिलिटर! लहान चमच्याच्या पावभागाएवढे. आणि लोक अर्धी बाटली ओततात. पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडेही असेच जपून वापरावेत. एक लिटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणाने १२,००० लिटरला २४ ग्रॅम पुरतात. ते मुठीने न टाकता तराजूत तोलावेत, बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवावेत आणि मग हौदभर शिंपडावेत. मासे आधीच गुदमरत असतील, तर हे औषध टाकू नये.

मीठ हा सर्वांत स्वस्त आणि घरात असलेला उपाय आहे. दहा लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम साधे मीठ विरघळवा. त्यात मासा एक-दोन मिनिटे ठेवा. तो आडवा होऊ लागला, की लगेच स्वच्छ पाण्यात सोडा. बाहेरचे किडे आणि बुरशी यांवर हा उपाय चालतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात आजारी मासे वेगळ्या टबात ठेवून दहा लिटरला ३० ग्रॅम इतके सौम्य मिठाचे पाणी वापरतात. हे पाणी रोज थोडे बदलतात आणि बदललेल्या पाण्यात त्याच प्रमाणात मीठ घालतात.

हे सर्व उपचार घरातील मोठ्या माणसांच्या मदतीनेच करावेत. चुना तर मुलांनी हाताळूच नये. कळीचा चुना पाण्यात पडला, की उकळतो आणि डोळ्यांना इजा करतो. चुना टाकण्यापूर्वी पाण्याची परीक्षाही करून घ्यावी. पाणी आधीच खारट आणि अल्कधर्मी असेल, तर चुन्याने फायदा होण्याऐवजी नुकसान होते. प्रतिजैविके म्हणजे माणसांच्या तापावर देतात तशी औषधे आपल्या मनाने पाण्यात टाकू नयेत. त्यामुळे रोगजंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि उद्या माणसांवरही ते औषध चालत नाही. जुन्या पुस्तकांत मॅलॅकाइट ग्रीन या हिरव्या रंगाचा उपाय सांगितलेला आढळतो. हा पदार्थ माशाच्या मांसात साठून राहतो. म्हणून खाण्याच्या माशांसाठी तो वापरू नये.

रोग समजत नसेल, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे जावे. तपासणीसाठी कुजलेला मासा नेऊन उपयोग नाही. आजारी पण जिवंत मासा त्याच हौदाच्या पाण्यासह पिशवीत न्यावा आणि पाण्याचा नमुना वेगळ्या स्वच्छ बाटलीत घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. रोग होऊ नये म्हणून काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे गर्दी टाळावी. रोहू-कटल्यासारख्या माशांना एका चौरस मीटरला एक, एवढी जागा द्यावी. वरील उदाहरणातील हौदात बारा मासे पुरे. त्यात शंभर बोटुकली सोडली, तर ती वाढत नाहीत आणि एकाला झालेला रोग सर्वांना होतो. दुसरी गोष्ट म्हणजे खाद्य बेताने द्यावे. माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन-तीन भाग खाद्य रोज पुरते. ढेप आणि कोंडा ताटलीत ठेवून ती पाण्यात सोडावी आणि थोड्या वेळाने पाहावी. खाद्य उरले असेल, तर दुसऱ्या दिवशी कमी द्यावे. तिसरी गोष्ट म्हणजे नवे मासे लगेच जुन्या माशांत सोडू नयेत. ते दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत आणि निरोगी दिसले तरच हौदात सोडावेत. चौथी गोष्ट म्हणजे एका तळ्याचे जाळे आणि बादली दुसऱ्या तळ्यात वापरण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावी. पाचवी गोष्ट म्हणजे रोज सकाळी पाच मिनिटे हौदाजवळ उभे राहून मासे पाहावेत. रोज पाहणाऱ्याला आजार पहिल्याच दिवशी दिसतो. आठवड्याने येणाऱ्याला मेलेले मासे दिसतात.

मेलेले मासे आणि औषध मिसळलेले पाणी नाल्यात टाकू नका. मासे खड्डा खणून खोल पुरावेत. तुमच्या परसातील नाल्याचे पाणी नळगंगेला मिळते, नळगंगेचे पूर्णेला आणि पूर्णेचे तापीला. वाटेत कितीतरी गावे ते पाणी वापरतात आणि कितीतरी कोळी त्यात जाळे टाकतात. आपल्या हौदाचा रोग त्यांच्या पाण्यात पोहोचू नये, ही खबरदारी आपणच घेतली पाहिजे.

मुलांनो, आणखी एक सूचना. प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे अतिशय निसरडे असते. आत घसरलेल्या माणसाला वर येणे कठीण जाते. म्हणून मासे पाहायला एकटे कधीही जाऊ नका. अम्मी-अब्बांना किंवा मोठ्या भावाला बरोबर घ्या. माशांची काळजी घ्या, पण आधी स्वतःची घ्या.

शब्दार्थ

परस – घरामागची मोकळी जागा. उपचार – इलाज. लक्षण – अलामत, खूण. कल्ले – माशाचा श्वास घेण्याचा अवयव, गलफडे. बोटुकली – बोटाएवढी माशाची पिल्ले. ढेप – तेल काढल्यावर उरणारा चोथा, पेंड. बुरशी – फफूंद. विंधन विहीर – बोअर. अल्कधर्मी – आम्लाच्या उलट गुणाचे. चूल थंडावणे – घरात अन्न न शिजणे, उपासमार होणे. नावे ठेवणे – दोष देणे. दाद न देणे – परिणाम न होऊ देणे.

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नळगंगा कोणत्या नदीला मिळते?
(आ) पाण्यातील प्राणवायू कोणत्या वेळी सर्वांत कमी असतो?
(इ) आर्गुलस आपली अंडी कोठे घालते?
(ई) नवे मासे किती दिवस वेगळे ठेवावेत?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर एकदाच उपचार करून भागत नाही.
(आ) १९८८ नंतर निरोगी मासेही कुणी विकत घेईना.
(इ) मेलेले मासे नाल्यात टाकू नयेत.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मासे रोगाने मेले की विषाने, हे कसे ओळखाल?
(आ) माशाचा आजार आधी पाण्यात का शोधावा?

प्र. ४. उदाहरण सोडवा.
एक हौद ५ मीटर लांब व २ मीटर रुंद आहे. त्यात १ मीटर पाणी आहे. त्यात पाणी किती लिटर आहे? एक लिटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणाने पोटॅशियम परमँगनेट किती ग्रॅम लागेल? त्या हौदात रोहू मासे किती सोडाल?

प्र. ५. मराठीतील 'हौद' आणि उर्दूतील 'हौज़', मराठीतील 'जखम' आणि उर्दूतील 'ज़ख़्म' हे शब्द एकच आहेत. दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचे उच्चार दोन्ही भाषांत कसे होतात, ते वर्गात म्हणून दाखवा.

प्र. ६. वाक्यात उपयोग करा.
नावे ठेवणे, दाद न देणे, डोके वर काढणे, चूल थंडावणे.

उपक्रम : तुमच्या गावात मासे पाळणाऱ्या किंवा विकणाऱ्या व्यक्तीला भेटा. माशांना कोणते आजार होतात आणि ते काय उपाय करतात, ते विचारा. मिळालेली माहिती दहा ओळींत मराठीत लिहा.